लिंडेनबुर्गची आसावरी तांबे

दुपारचं जेवण झालं की श्यामला पोंक्षे रियाधच्या आपल्या घरात जरा आडवी व्हायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच युरोपातल्या लिंडेनबुर्गला पोहोचायची. व्हिसा नको, तिकीट नको, नवऱ्याची रजा नको. नदी, तिच्यावरचा दगडी पूल, पुलापलीकडे सहाशे वर्षांचं विद्यापीठ. विद्यापीठाच्या जिन्यात ओळीने तसबिरी टांगलेल्या. तिथून शिकून ज्यांनी नाव काढलं त्या साऱ्यांच्या. एक खगोलशास्त्रज्ञ, दोन मंत्री, आणि ज्याला हयातीत विद्यापीठाने हाकलून दिलं होतं असा एक तत्त्वज्ञ. मेल्यावर त्यालाही मानाने भिंतीवर घेतलेलं. श्यामला एकेक पायरी चढत जायची. वरच्या वळणावर एक तसबीर तिला नेहमी धूसर दिसायची, आणि ती नीट बघायला जवळ जावं तर जाग यायची.

बायकांनी दुपारी झोपू नये म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नशिबी लिंडेनबुर्ग नाही, एवढंच म्हणायचं.

हे स्वप्न काही जुनं नव्हतं. ते सुरू झालं मोहियुद्दीनभाईंमुळे. रत्नागिरीकडचे हे गृहस्थ रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतात. शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात, म्हणजे विश्रामघरात, मराठी मंडळींचं सहभोजन होतं, तिथे ते पाहुणे म्हणून आले होते. पाणी गाळण्याच्या पडद्यावर मीठ कसं साचतं ते ओळखायला आम्ही तांबे चाचणी करतो, असं ते कुणाला तरी सांगत होते. पुऱ्या तळता तळता श्यामलाने मान न वळवता त्यांना सांगितलं, की पाणी ढवळून लगेच तपासलंत तर आकडे चुकणारच, ते आधी तासभर स्थिर ठेवा. मोहियुद्दीनभाई ताट घेऊन तिथेच उभे राहिले. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"ती चाचणी माझीच आहे," श्यामला म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, झाऱ्याकडे पाहिलं. "मग बाई, तुम्ही इथं पुऱ्या कसल्या तळताय?"

महिन्याअखेरपर्यंत प्रयोगशाळेतली एक जागा तुमच्यासाठी अडवून ठेवतो, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. एकच अट होती. नवऱ्याच्या नावावरचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बदलून नोकरीचा करायचा, तर डॉक्टरेट खरी असल्याचं विद्यापीठाचं पत्र हवं. श्यामलाची डॉक्टरेट लिंडेनबुर्गचीच. तिने उत्साहाने तिथला अर्ज भरला. पासपोर्टवर होतं तसं नाव, जन्मतारीख, वर्ष. चार दिवसांनी उत्तर आलं. श्यामला पोंक्षे नावाची कुणी व्यक्ती आमच्याकडे कधीही शिकलेली नाही.

आता याला काय म्हणावं? चूक सरळ होती आणि ती फक्त आपल्याकडचीच बाई करू शकते. आडनाव बदलतं हे त्या युरोपातल्या लोकांना ठाऊक असतं. पण आपल्याकडे लग्नात पोरीचं सगळंच नाव पुसून नवं ठेवतात, तांदळावर अंगठीने लिहून, आणि वर पेढे वाटतात. श्यामला मुळात आसावरी तांबे. नवऱ्याच्या, म्हणजे विवेकच्या, आईचंही नाव आसावरीच निघालं. सासरे म्हणाले, "मी सुनेला हाक मारायची आणि ही ओ देणार, हे जमायचं नाही." सगळे हसले, नवरीही हसली. विवेकने तांदळात श्यामला लिहिलं. लग्नाची नोंद, नवा पासपोर्ट, सगळं नव्या नावाने झालं. जुना पासपोर्ट आणि पदवीचा कागद विवेकच्या बदल्यांमध्ये कुठे गेले देव जाणे. बँकेने त्याला आधी जेद्दाला धाडलं, मग हफ्र अल बातिनला, मग रियाधला. प्रत्येक वेळी सामान श्यामलाने बांधलं. चोवीस वर्षांत ती इतकी श्यामला झाली की अर्ज भरताना आसावरी तिच्या मनातही आली नाही.

तिने पुन्हा लिहिलं, आसावरी तांबेबद्दल विचारलं. या खेपेला उत्तर लगेच आलं आणि मोठ्या प्रेमाचं आलं. डॉक्टर तांबे आमच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहेत, त्यांची तसबीर आमच्या जिन्यात आहे. मात्र त्यांची माहिती तिऱ्हाईत व्यक्तीला देता येत नाही. आपण त्यांच्या कोण?

त्या दुपारपासून स्वप्नातली धूसर तसबीर स्वच्छ झाली. भिंतीवर सव्वीस वर्षांची पोरगी होती, आखूड केस, बोटांना शाई. श्यामला तिच्यासमोर पायरीवर उभी राहायची आणि ती पोरगी तिला ओळख द्यायची नाही. श्यामलाला तिचा हेवा वाटला. अगदी मनापासून, सवतीचा वाटावा तसा. उठल्यावर स्वतःचीच लाज वाटायची, पण हेवा काही जायचा नाही.

शेवटी विद्यापीठाच्या दप्तरखान्यातल्या फ्राउ होल्स्ट नावाच्या बाईंनी मार्ग काढला. पदवीच्या दिवशी प्रत्येकजण तिथल्या जाड नोंदवहीत आपल्या मातृभाषेत सही करतो आणि खाली मनात येईल ते लिहितो. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सही करा, आम्ही ताडून पाहू, असं त्यांनी कळवलं.

ठरल्या दिवशी दुपारी श्यामला लॅपटॉपसमोर बसली. महिना संपायला दोन दिवस होते. विवेक बँकेतून लवकर आला होता आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असा दाराशी उभा होता. तिने सही केली. अक्षरं आसावरीची, वळण श्यामलाचं. पुन्हा केली. तिसऱ्यांदा तर पेनने सरळ 'श्या' काढला. फ्राउ होल्स्टनी चष्मा काढून पुसला. फार वाईट वाटतं, पण हे जुळत नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मग एक कागद हातात घेत त्या म्हणाल्या, की सहीखालची ओळ आमच्याकडे चोवीस वर्षं कुणालाच वाचता आली नव्हती. मागच्या आठवड्यात एका मराठी विद्यार्थिनीकडून तिचं भाषांतर करून घेतलंय. तुम्हाला आठवतं, काय लिहिलं होतं?

श्यामलाने डोळे मिटले. ती नोंदवहीपाशी उभी होती, खाली गाडी थांबली होती, संध्याकाळी मुंबईचं विमान होतं आणि आठ दिवसांवर लग्न. तिला हसू आलं. "इथला ब्रेड वाईट, माणसं चांगली," ती म्हणाली आणि अडखळत जर्मनमध्ये अर्थ सांगितला.

फ्राउ होल्स्टही हसल्या. "आणि पुढे? आणखी आहे."

पुढचं श्यामलाला आठवत होतं. ते कधी विसरलंच नव्हतं, फक्त तिने ते पुन्हा मनाशी म्हटलं नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं. विवेक हाताची घडी घालून वाट पाहत होता, बिचाऱ्याला वाटत होतं आणखी एखादा विनोद असेल. न बोलावं तर रास अल खैर गेलं. बोलावं तर ते या माणसाला ऐकावं लागणार.

"दोन वर्षांत परत येते," ती मराठीत म्हणाली. "माझी खुर्ची कुणाला देऊ नका."

मग तेच तिने जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ होल्स्टनी हातातल्या कागदावर खूण केली. "नमस्कार, डॉक्टर तांबे," त्या म्हणाल्या, आणि पत्र उद्याच पाठवते, नाव कोणतं घालू, असं त्यांनी विचारलं. दोन्ही घाला, श्यामलाने सांगितलं.

पडदा काळा झाला. विवेक येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलणार होते. तुझी जेद्दाची ऑर्डर आली." तिच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळेच त्याला ते फार लागलं असावं.

रास अल खैर इथून किती लांब आहे, त्याने विचारलं. गाडीने पाच तास, ती म्हणाली. मग गुरुवारी बँक सुटली की मी निघेन आणि शनिवारी परत येईन, असं तो म्हणाला.

"दर आठवड्याला?"

"दोन वर्षं सांगून फसवणार नाही," विवेक म्हणाला. "चोवीस धर." आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, माळ्यावरून तिची बॅग काढायला तो स्वतः उठला.