सगुणाच्या गच्चीवरचं ऊन

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं जमिनीखालची मोठी केबल तोडली आणि कोपरखैरणे गावठाणातल्या निम्म्या घरांची लाइट गेली. वीज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला की एकच उत्तर मिळायचं, ‘काम चालू आहे.’ उन्हाळा असता तर माणसं रस्त्यावर आली असती. पण थंडीत पंखा कुणाला लागतो? लोक मोबाइल चार्ज करायला नातेवाइकांकडे जात होते, दुपारी उन्हात गप्पा मारत बसत होते. कुणालाच घाई नव्हती.

घाई फक्त सगुणाला होती. तिच्या नवऱ्याची, कान्हाची फुफ्फुसं गेल्या तीन वर्षांत आकसत गेली होती. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन दिवसाचे पंधरा-सोळा तास त्याच्या खाटेशेजारी घरघरत असे. लाइट जाऊन मशीन एकदा बंद पडलं होतं आणि कान्हाचे ओठ तिच्या डोळ्यांदेखत निळे झाले होते. त्यानंतर सगुणानं गळ्यातलं मोडून गच्चीवर चार सोलर पॅनल आणि जिन्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या बसवून घेतल्या. बॅटऱ्या पूर्ण भरल्या की मशीन रात्र काढायचं आणि सकाळी ऊन वर आलं की पुन्हा भरायला लागायच्या. त्यामुळे गुरुवारी लाइट गेली तेव्हा ती घाबरली नाही. शेजारणीला म्हणालीसुद्धा, “आमचं टेन्शन नाय. आमचा सूर्य हाय.”

शुक्रवारी दुपारी बारा वाजता तिनं जिन्याखालच्या छोट्या स्क्रीनवर पाहिलं. बॅटरी बावीस टक्के. सकाळी एकोणीस होती. चार तासांत नुसती तीन टक्के चढली होती. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं आणि गच्चीवर धावली.

आभाळ स्वच्छ होतं. पण पॅनलवर ऊन नव्हतं.

दक्षिणेला भिंतीला भिंत लागून हरेशचं घर. हरेश म्हणजे कान्हाचा चुलतभाऊ, यंदा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला. बुधवारी त्याच्या पोरांनी गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर बारा फुटी बॅनर ताणला होता. बॅनरवर हात जोडलेला हरेश आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘अखंड वीज, अखंड पाणी’. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याची सावली हरेशच्याच गच्चीवर पडली असती. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला. बॅनरची सावली आडवी येऊन चारही पॅनल झाकून बसली होती.

सगुणा तशीच खाली उतरून नाक्यावरच्या प्रचाराच्या मंडपात गेली. तिथं जनरेटर धडधडत होता, लाउडस्पीकर वाजत होता, दिवसाउजेडी हॅलोजन जळत होते.

“हरेश, तुझा बॅनर उतरव. माझ्या सोलरवर सावली पडतेय. ह्यांचं मशीन बंद पडंल.”

हरेश हसला. आजकाल तो सगळ्यांशीच असा हसायचा. “वहिनी, दोन दिवस कळ काढा. मतदान झालं की उतरवतो.”

“दोन दिवस? संध्याकाळी सातपर्यंत पोचत नाय बॅटरी.”

“मग दादाला हॉस्पिटलात नेऊ या की. गाडी देतो मी. ड्रायव्हर देतो.”

“घरात नीट बसलेल्या मानसाला तुझ्या फोटोपायी हॉस्पिटलात टाकू? बरं, मग ह्या जनरेटरवरनं एक वायर दे.”

हरेशनं मागे उभ्या कार्यकर्त्यांकडे पाहिलं. “लोड येतो हो वहिनी. साउंड बंद पडला तर सभेचं काय?”

हाच हरेश लहानपणी कान्हाच्या पाठुंगळीला बसून खाडीवर जायचा. कान्हाला हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी गुच्छ घेऊन फोटो काढायलाही आला होता. तो फोटो त्यानं सगळ्या गावाला पाठवला होता. आणि आज त्याच भावाच्या श्वासापेक्षा त्याला साउंड मोठा वाटत होता!

घरी आली तेव्हा स्क्रीनवर अठरा होते. कान्हानं तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं. नाकातली नळी सारखी करत तो म्हणाला, “भांडू नको गो. भावकी हाय. छोटा सिलिंडर हाय ना?”

“दोन तासांचा हाय. त्यानंतर भावकी येनार हाय का फुंकर घालायला?”

तिनं स्वयंपाकघरातून मासे कापायचा कोयता उचलला, गच्चीवर गेली आणि पदर खोचून मधली कंबरभर भिंत ओलांडली. आयुष्यात पहिल्यांदा ती न सांगता दुसऱ्याच्या गच्चीत शिरली होती. वरच्या दोन दोऱ्या तिनं तिथल्याच एका स्टुलावर चढून कापल्या. बॅनर अर्धा लोंबला. खालची बाजू मात्र तारेनं आवळलेली, कोयत्याला दाद देईना.

“ताई!”

सगुणा दचकली. जिन्याच्या दारात ओल्या कपड्यांची बादली घेऊन हरेशची बायको मनस्वी उभी होती.

“बोलव तुझ्या नवऱ्याला,” सगुणा म्हणाली. “बोलव पोलिसांना. मी नाय थांबनार. माझा मानूस आत श्वासासाठी तडफडंल आनि तुझा नवरा बॅनरवर हात जोडून हसत बसंल, हे मी बघनार नाय.”

मनस्वीनं बादली खाली ठेवली. थोडा वेळ तिनं पलीकडच्या झाकोळलेल्या पॅनलकडे पाहिलं. मग वळून खाली गेली आणि पक्कड घेऊन वर आली.

“तारेला पीळ घातलाय,” ती म्हणाली. “कोयत्यानं हात कापून घ्याल. सरका.”

दोघींनी मिळून बॅनर उतरवला. पॅनलवर ऊन लख्ख पसरलं. सगुणा बॅनर गुंडाळत होती तेवढ्यात, बॅनर उतरलेला नाक्यावरून पाहून हरेश चार पोरांना घेऊन धापा टाकत वर आला.

“हे काय चाललंय? माझ्या घरात घुसून माझा बॅनर फाडलात? केस करीन, वहिनी!”

“कर. लिही त्यात, भावाचा ऑक्सिजन अडवला म्हनून बॅनर काढला. तेवढं लिहायला विसरू नको.”

“पोरांनो, लावा परत!”

एक पोरगा पुढे सरकला. मनस्वी सांगाड्यासमोर उभी राहिली. “तारा मी सोडल्यात. आधी माझ्यावर केस करा.”

पोरं थबकली. लाल झालेल्या चेहऱ्यानं हरेशनं एकदा बायकोकडे, एकदा कार्यकर्त्यांकडे पाहिलं. “रस्त्याकडनं लावा रे,” एवढं पुटपुटून तो उतरला. म्हणजे जागा होती. पहिल्यापासून होती! हे कळल्यावर तर सगुणाच्या अंगाची लाहीलाही झाली.

ऊन कलेपर्यंत बॅटरी पन्नासच्या पुढे गेली. सगुणानं घरातला प्रत्येक दिवा बंद ठेवला, मशीन रात्रभर चालवलं आणि पहाटे तासभर सिलिंडर लावला. शनिवारी दुपारी लाइट आली. कान्हा खाटेवर बसून पेज प्यायला. हरेशनं ना चौकशी केली, ना माफी मागितली.

आणि तो निवडून आला. गावठाणात फटाके फुटले, त्या धुरानं कान्हा तासभर खोकत राहिला. सगुणानं खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला.

त्याच्या पुढच्या सोमवारी नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात हारतुऱ्यांची रांग लागली होती. सगुणा सगळ्यांत आधी जाऊन खुर्चीत बसली होती. तिनं कागद टेबलावर ठेवला. घरात मशीनवर कोण कोण जगतंय त्याची वॉर्डात नोंद करा, लाइट गेली की त्यांना आधी जनरेटर पोचवा, कुणाच्याही सोलरवर सावली पडेल असा बॅनर लावू देऊ नका.

हरेशनं वाचलं आणि कागद बाजूला सारला. “बघतो, वहिनी.”

“बघू नको,” सगुणा म्हणाली. “शिक्का मार, सही कर आनि पोच दे. मी बसलेय.”

मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी हार हातात धरून घसा खाकरला. सगुणा हलली नाही. शेवटी हरेशनं ड्रॉवर उघडून शिक्का शोधायला घेतला.