काय राहिलं?

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, नाटकाचा पडदा म्हणाल तर तो मान माझा नाही. माझ्यावर कधी राजे-राण्या अवतरल्या नाहीत. बस आगाराच्या प्रशिक्षण वर्गात भिंतीवर टांगलेला, दोरी ओढली की खाली येणारा मी साधा पांढरा पडदा. समोरच्या प्रोजेक्टरचा उजेड अंगावर घ्यायचा आणि लोकांना स्लाइड दाखवायच्या, हेच माझे काम.

कारखान्यात माझ्या कापडावर पांढरा लेप चढला, तेव्हा तपासणीच्या बाईंनी हात फिरवून म्हटले होते, "कुठे डाग नाही. जाऊ दे पुढे." ती माझी पहिली शाबासकी. गोऱ्या रंगाचा मला तेव्हापासून जरा तोराच होता. तो पहिल्याच आठवड्यात उतरला. शिकणारे लोक माझ्यावर इतकी अक्षरे ओतत की माझा पांढरा रंग औषधालाही दिसत नसे. मित्रांनो, स्लाइडवर जिथे काही नसते, तिथेच मी दिसतो. हे ओळखले ते आमच्या वर्गाच्या एकट्या बाईंनी.

बाई तो वर्ग शिकवत. आपले म्हणणे साहेबलोकांपुढे कसे मांडायचे, हे वाहक, चालक, कारकून त्यांच्याकडून शिकत. त्यांची रीत न्यारी होती. स्लाइड क्षणभर दिसू द्यायच्या आणि मग प्रोजेक्टरच्या भिंगापुढे तळवा धरायच्या. मी अंधारून जाई. बोटांच्या फटींतून लालसर उजेड तेवढा माझ्यावर पडे. मग बाई विचारत, "काय राहिलं?" वर्गाने जे सांगितले, तेवढीच स्लाइड खरी. बाकीचे खोडायचे.

एका वर्षी त्या वर्गात एक चालककाका आले. त्यांच्या मार्गावर शाळेचा थांबा होता. मुले उतरत आणि बसच्या पुढूनच रस्ता ओलांडत. थांबा शाळेच्या फाटकाशी न्यावा, म्हणून काकांनी अर्ज करून करून हात टेकले होते. आता समितीपुढे बोलायची एकच संधी मिळाली होती.

त्यांची पहिली स्लाइड आली. बाईंनी तळवा धरला. "काय राहिलं?"

वर्ग गप्प. काका खजील झाले. घरी जाऊन त्यांनी लेकीकडून आणखी मजकूर टाइप करून घेतला. मार्ग, वेळापत्रक, नियम. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच शांतता. काकांनी आणखी भर घातली. शेवटी एक वाहक म्हणाला, "काका, ही स्लाइड आहे की ऑफिस सुटतानाची बस? पाय ठेवायला जागा नाही!"

काकांचा संयम सुटला. "अहो बाई, आता अजून काय राहिलं तेच सांगा ना! होतं नव्हतं ते सगळं घातलं!"

वर्ग खो खो हसला. बाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या हसल्या नाहीत. "काका, काय घालायचं राहिलं असं नव्हते विचारत मी. लक्षात काय राहिलं, असं विचारत होते." मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या लक्षात काय राहिलंय?"

काका स्लाइडकडे पाठ करून वर्गाकडे वळले.

"दप्तर," ते म्हणाले. "गाडी सोडणार, तेवढ्यात काचेच्या खालच्या कडेला लाल दप्तराचं टोक हललं. करकचून ब्रेक मारला. पोरगी हसत निघून गेली. मी मात्र अजून त्या थांब्यावर खाली उतरून बघतो, बाई, मगच गाडी सोडतो."

समिती आमच्याच वर्गात बसली, त्या दिवशी माझ्यावर एकच चित्र आले. काकांनी उभ्या बससमोर नातीला लाल दप्तरासह उभे करून आपल्या सीटवरून फोटो काढला होता. मोठी काच आणि तिच्या कडेला लाल ठिपका. खाली दोन शब्द : थांबा हलवा. बाकी सगळा मी! आयुष्यात एवढा मोकळा श्वास मी कधी घेतला नव्हता.

मोठे साहेब चष्मा सावरत म्हणाले, "मूल कुठं आहे यात?"

"साहेब," काका म्हणाले, "तेच तर."

खोलीत कुणी हालले नाही. थांबा हलला. तो मी पाहिलेला नाही, पण काकांनी पेढ्यांऐवजी नातीलाच वर्गात आणले होते, ती मी डोळे भरून पाहिली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांचे जुने फोटो माझ्यावर दाखवले. शेवटच्या फोटोवर बाईंचा तळवा सवयीने भिंगापुढे गेला. "काय राहिलं?"

मागून काकांचा जड आवाज आला. "तुम्ही, बाई."

बाईंनी मागे वळून पाहिले नाही. दोरी ओढून त्यांनी स्वतःच मला वर गुंडाळले.

आता माझ्याखाली भला मोठा टीव्ही बसवला आहे. तो हुशार आहे, माझे त्याच्याशी भांडण नाही. पण त्यावरची भरगच्च अक्षरे लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतात आणि मध्ये तळवा कुणी धरत नाही. मी नळकांड्यात पडून ऐकतो. त्या लालसर अंधाराची मला फार आठवण येते.

मित्रांनो, तुम्हीही कधी स्लाइड कराल. तेव्हा थोडी जागा कोरी सोडा आणि बघणाऱ्यांना विचारा, काय राहिलं? जमले तर माझी दोरीही एकदा ओढून बघा. मी अजून पांढरा आहे. वर्ग सुटतो, दिवे विझतात, तेव्हा बाईंचा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो. काय राहिलं?

मी राहिलो, मित्रांनो.