मी 'बडतर्फ', आणि माझ्यापुढची रिकामी जागा

मी 'बडतर्फ' बोलतोय. दचकलात ना? दचकणारच. माझं नाव कानावर पडलं की भल्याभल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण आज मीच हादरलोय.

मूळचा मी फारसी. दरबारातून कचेरीत आलो आणि इथलाच झालो. माझा अर्थ सरळ आहे: नोकरीवरून कायमचा काढून टाकलेला. लोक माझी आणि 'निलंबित'ची गल्लत करतात. निलंबित माणूस चौकशी होईपर्यंत घरी बसतो, निर्दोष ठरला तर परत येतो. माझा शिक्का बसला की परतीची वाट बंद. म्हणून तर माणसं हातापाया पडतात, "निदान राजीनामा तरी देऊ द्या" म्हणून गयावया करतात. राजीनाम्याने अब्रू झाकली जाते.

आज सकाळी एका दवाखान्याच्या ऑफिसात माझं नाव निघालं. टेबलासमोर उभ्या होत्या मोठ्या सिस्टर. खुर्चीत विश्वस्तांचे अध्यक्ष, म्हणजे सिस्टरांचाच सख्खा धाकटा भाऊ. लशींचा फ्रिज बंद पडून आतल्या लशी कोमट होऊन निकामी झाल्या होत्या. "पुन्हा गार करा आणि वापरा," असा भावाचा हुकूम होता. तान्ह्या बाळांना टोचायच्या त्या लशी! सिस्टरांनी सगळ्या फेकून दिल्या.

"ताई, मुकाट्याने राजीनामा दे," भाऊ म्हणाला. "नाहीतर बडतर्फ करावं लागेल."

"मग कर की."

मी थक्कच झालो! आजवर मला कुणी मागून घेतलं नव्हतं.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? पुन्हा कुठे नोकरी मिळणार नाही."

"नको मिळू दे. राजीनाम्यात मी 'घरगुती अडचण' असं खोटं लिहायचं. बडतर्फ केलंस तर कारण तुला द्यावं लागेल. दे ना. लशी का फेकल्या, तेही लिही."

भावाने खूण केली, तशी कोपऱ्यातल्या कारकूनबाईंनी संगणकावर मला टाइप केलं. पुढे 'कारण' एवढं लिहून त्या थांबल्या. "साहेब, काय घालू?"

साहेब पंख्याकडे बघत राहिले, आणि सिस्टर साहेबांकडे.

'कारण'पुढची जागा अजून रिकामीच आहे. मी तसाच पडद्यावर लटकलोय आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. चोरांना, लाचखाऊंना मी खुशाल चिकटलो, पण या बाईंच्या नावाशेजारी मला उभं राहवत नाही. साहेब, हात जोडतो. खरं कारण लिहा, नाहीतर मला खोडून टाका.