तेरावी पुंगळी

शिवा घरतांच्या घरात बंदूक होती. ती कुठल्या कपाटात, कुठल्या कुलपाआड आहे हे त्यांच्या सुनेला, अंकिताला, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बंदूक मधल्या खोलीतल्या कपाटात, काडतुसं सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत, आणि दोन्ही किल्ल्या सासऱ्यांच्या कमरेला. तरी ती दिवसातून तीनदा कपाटाचं कुलूप ओढून बघायची. खारघरच्या अकराव्या मजल्यावर वाढलेली पोर ती. तिथे काळजी म्हणजे फार तर खिडकीच्या जाळीची. लेक आभा झाल्यापासून मात्र तिला सगळं घरच टोकदार दिसायला लागलं होतं. विळी, ओट्याची पायरी, परसातली विहीर. आणि सगळ्यांच्या आधी बंदूक.

गावात मात्र त्या बंदुकीची थट्टाच जास्त व्हायची. कर्नाळ्याच्या पायथ्याचं एवढंसं गाव, आणि शेतीच्या राखणीचा परवाना असलेला माणूस एकच. पण त्या बंदुकीनं वीस वर्षांत एक डुक्कर मेलं नव्हतं. "मारायला फॉरेस्टची परवानगी लागतं," शिवा म्हणायचे. "मी नुसता आवाज देतो. पोरांना शाळेत मास्तर देतो ना, तसा."

भात निघालं की त्याच शेतात वाल पेरायचे आणि वालाला शेंग धरली की डोंगरातून डुकरं उतरायची. ज्याच्या शेतात ती शिरतील त्यानं शिवांना हाक मारायची. शिवा जायचे, हवेत एक बार काढायचे. मग बंदुकीतून निघालेली गरम रिकामी पुंगळी, लाल प्लास्टिकची, पितळी बुडाची, त्या शेताच्या धन्याच्या हातावर ठेवायचे. तो ती बांधावरच्या तारेत ओवायचा. डुकराचं नाक तिखट. जळक्या दारूचा वास आठ-दहा दिवस तरी त्याला अडवतो, असा गावाचा विश्वास. वारा आला की पुंगळ्या एकमेकींवर आपटायच्या. पुढे पहिल्या शेंगांची टोपली न सांगता घरतांच्या ओट्यावर यायची.

निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी शिवांचीही झाली होती. ते चाळीस दिवस अंकिता गाढ झोपली. डुकरांनी तेवढ्यात दोन वावरं नांगरून काढली. आणि एका सकाळी बांधावर कुणीतरी डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब, कणकेच्या गोळ्यात भरलेली दारू, शेजारच्या कुत्रीनं तोंडात धरला. आवाज फार मोठा झाला नाही. पण त्या कुत्रीला अंकितानं पाहिलं, आणि त्याच बांधावरून आभा रोज आजीचं बोट धरून चालत जाते हेही तिला त्याच क्षणी आठवलं. गोळा कुणी ठेवला ते कधीच कळलं नाही. त्यावर कुणाचं नाव नव्हतं, कुलूप नव्हतं, परवाना नव्हता.

तर अशा घरात जानेवारीत काडतुसांच्या नव्या नियमांचा सरकारी मसुदा आला.

रविवारी सकाळी ओट्यावर आसपासचे सात-आठ बंदूकवाले जमले. जमिनी विकून बिल्डर झालेला कुमार आला, कमरेला पिस्तूल आणि ते दिसावं म्हणून मुद्दाम खोचलेला शर्ट. पनवेलहून राफेलकाका आले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, पोरं सगळी परदेशात. वडिलांची दुनळी त्यांनी मुलासारखी सांभाळली होती, आणि उडवलेली प्रत्येक पुंगळी चहाच्या डब्यात तारखेची चिठ्ठी लावून ठेवली होती.

"वाच गो अंकिता," शिवा म्हणाले. "सरकारी मराठी आमच्या बापाला नाय कळत."

तिनं वाचलं. यापुढे वर्षाला दहाच काडतुसं. तीही जितक्या रिकाम्या पुंगळ्या परत, तितकीच. एक जरी कमी पडली तरी विक्री बंद आणि चौकशी. हरकती असतील त्यांनी शुक्रवारी सुनावणीला यावं, येताना गेल्या वर्षीच्या पुंगळ्या आणाव्यात.

"धा?" कुमार उसळला. "धा काडतुसात बार उडवत वरात नाक्यापर्यंत पण पोचत नाय!"

"तुझ्यासाठीच आणलाय हा नियम," राफेलकाका शांतपणे म्हणाले. "आणि तुझ्या वरातीपायी आमचं मरण."

सगळे हसले, कुमारसुद्धा. कुणीतरी म्हणालं, फटाके लावा की. त्यावर आतून चहा घेऊन आलेल्या अंकिताच्या सासूबाई, गोदूबाईच बोलल्या, "फटाक्याला कोन भितंय आता? विमानतळाला डोंगर फोडला तवापासून डुकरांचे कान मेलेत."

शिवांनी मसुद्याचा कागद हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "पुंगळ्या मागतात, देऊ. त्यात चूक काय नाय. पन धा? डुकरांना कोन सांगल, धाच येळा या म्हणून?"

हरकतीचा अर्ज लिहायचं काम अर्थातच अंकिताकडे आलं. तिनं वही पुढे ओढली. पण अक्षर काही उमटेना; 'एक जरी कमी पडली तरी' या ओळीवरच तिचं बोट परत परत जात होतं.

शिवांच्या परवान्यावर गेल्या वर्षी पंधरा काडतुसं चढली होती. दोन शिल्लक, म्हणजे तेरा उडाली. पुंगळ्या गावभर तारांवर लटकलेल्या. सोमवारपासून शिवा बांधाबांधानं फिरले आणि बुधवारपर्यंत बारा जमल्या. काही उन्हानं विटलेल्या, एकीत कोळ्यानं जाळं केलेलं. तेराव्या पुंगळीचं शेत घरामागचंच होतं. ती सापडेना.

"इथंच पडली असल," म्हणत सत्तरीचे शिवा दुखऱ्या गुडघ्यावर बसले आणि वालाच्या वेलांखालची माती बोटांनी चाळायला लागले. गुरुवारी सकाळी एक सरी, मग दुसरी. अंकिता मोरीच्या खिडकीतून बघत होती. तिच्या हातातली चादर पिळायची तशीच राहिली होती.

कारण ती पुंगळी शेतात नव्हतीच.

मार्गशीर्षात एका सकाळी शिवांनी ती 'मंग ओवू' म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. अंकिता आईशी फोनवर बोलत होती. दहा मिनिटं, जास्त नाही. वळून बघते तो आभा पितळी बूड चोखत बसलेली, ओठ काळे. अंकितानं तिचं तोंड धुतलं, परत धुतलं, सर्दी झालीय म्हणून पनवेलच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. पुंगळी डायपरमध्ये गुंडाळून घंटागाडीत टाकली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. निकेश बंदरावर शिफ्टला. त्याला सांगितलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न काय विचारला असता हे तिला ठाऊक होतं. 'तू कुठे होतीस?'

शिवांनी तिसरी सरी धरली. उठताना त्यांनी बांधाला हात टेकला, आणि अंकिता चादर तिथेच टाकून निघाली.

"बाबा, उठा. ती तिथे नाहीये."

"तू बगितलीस?"

"मी टाकली." आणि मग तिनं सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं, कुणी विचारायच्या आधी.

शिवा मातीतच बसून राहिले. बोटांच्या सांदीतली माती त्यांनी सावकाश काढली. "तोंडात घातलेली?"

"हो."

"किती वेळ?"

"माहीत नाही, बाबा. तेच माहीत नाही."

मग ते म्हणाले, "कट्ट्यावर मी ठेवली. तू नाय." आणि मग, जरा तुटक, "मना सांगाचं व्हतं गो. सकालपासनं मी मातीत डुकरासारका नाक खुपसतोय."

तिला हसूही आलं आणि रडूही.

दुपारी कुमार नेमका आला. ऐकून म्हणाला, "एवढंच ना? राफेलमास्तरच्या डब्यांत शंभर पुंगळ्या हायेत. त्यातली एक टाका. कोन त्यावर नाव वाचतंय?" त्यानं लगेच फोनही लावला, स्पीकरवर.

राफेलकाका पलीकडून म्हणाले, "माझ्या जुन्या आहेत, कुमार. कागदी. पण गेल्या वर्षीची एक आहे शिवासारखीच. शिवानं मागितली तर मी नाही म्हणणार नाही. मागेल का, ते त्याला विचार."

शिवांनी अंकिताकडे पाहिलं. तिला कळलं, ते स्वतःसाठी विचारात पडले नव्हते. खोटी पुंगळी टाकली की तिचं नाव कुठेच येणार नव्हतं. ना कचेरीत, ना निकेशपुढे, ना गावात. नाहीतर उद्या विहिरीवर बायका म्हणणार, शिकलेली सून, फोनला चिकटली आणि पोरीनं काडतूस खाल्लं.

"नको," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणंच आहे ना, की बंदूकवाले पुंगळ्यांत लबाडी करतात? आपण केली तर ते खरं होईल. मग मी अर्ज कशाच्या तोंडानं वाचू?"

"वैनी, चौकशी लागंल. बंदूक जाईल," कुमार म्हणाला. "परत डुकरं. परत ते गोळे."

"माहिताय मला." गोळ्याचं तर तिला कुमारपेक्षा जास्त माहीत होतं. "पण बाबांची बंदूक खोट्या पुंगळीवर राहिली, तर उद्या कुणीही ती काढून घेईल आणि आपल्याला तोंड उघडता येणार नाही."

"काय म्हणतोस, शिवाकाका?" कुमार त्यांच्याकडे वळला.

"मी काय म्हणू?" शिवा उठले. "अर्ज तिचा हाय. मना तर वाचता पन येत नाय." हे खोटं होतं; पेपर ते रोज वाचायचे.

त्या दिवशी संध्याकाळी निकेश शिफ्टवरून आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं. त्यानं तोच प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. तो आभाला मांडीवर घेऊन तिचे दात मोजत बसला.

शुक्रवारी कचेरीत गर्दी होती. शिवांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि काजूच्या डब्यात बारा पुंगळ्या घेतल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, दमलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. अंकितानं अर्ज वाचला. सुरुवातीला भरभर वाचत गेली. गावठी बॉम्बाशी आली तेव्हा सावकाश झाली.

"तेरावी?" बाईंनी डब्यात बघत विचारलं.

"शेवटच्या पानावर आहे. सही माझी आहे."

बाईंनी पान उलटलं. वाचायला जरा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बंदूक वापरता?"

"नाही. मला भीती वाटते तिची."

"मग हरकत कशासाठी?"

अंकितानं हे उत्तर घोकलेलं नव्हतं. "तिची भीती वाटते म्हणून मी रोज तिचं कुलूप बघते, मॅडम. ते बघता येतं. दहा काडतुसं संपली की अकराव्या वेळी लोक गप्प बसणार नाहीत, बांधावर गोळे ठेवतील. त्या गोळ्याला कुलूप कुठे लावू? पुंगळ्या मोजा, आम्ही देऊ. आमच्याकडे तारेवर लावायची पद्धत आहे, ती बंद करू. पण घरात लहान मूल आहे. एखादी हरवणार. हरवली म्हणणाऱ्याला चोर ठरवलंत, तर पुढच्या वेळी कुणी हरवली म्हणणारच नाही. दुसऱ्याची आणून टाकेल."

मागे बसलेल्या कुमारला एकदम खोकला आला.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मसुद्याचं पुढे काय व्हायचं ते वर ठरेल, म्हणाल्या. आणि या परवान्याची चौकशी तर करावीच लागेल. तोवर नवं काडतूस नाही, असलेली वापरू शकता. "किती शिल्लक?"

"दोन," शिवा म्हणाले.

बाहेर पायरीवर राफेलकाका थांबले होते. त्यांनी पिशवीतून एक रिकामा चहाचा डबा काढून अंकिताला दिला. झाकण घट्ट, मोठ्या माणसालाही नखानं उचकटावं लागेल असं. "चिठ्ठी लिहायला विसरू नकोस," एवढंच म्हणाले.

मंगळवारी दिवस बुडताना घरामागच्या वालात हालचाल दिसली. शिवांनी कपाट उघडलं. गोदूबाईंनी आभाला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. दर वेळी अंकिताही त्या खोलीत जाऊन बसायची, उशीनं पोरीचे कान झाकून. या वेळी तिनं स्वतःच्या कानांत कापूस कोंबला, डबा घेतला आणि सासऱ्यांच्या मागे चार पावलांवर बांधावर जाऊन उभी राहिली.

"येतंस?" त्यांनी न वळता विचारलं.

"आलेय."

बार झाला. कापसातूनही तो तिच्या छातीत बसला. वेल सळसळले, चार-पाच काळ्या पाठी ओढ्याकडे पळाल्या, त्यांच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. कर्नाळ्याच्या सुळक्यावर अजून थोडं ऊन होतं. शिवांनी बंदूक सांध्यातून वाकवून उघडली, पुंगळी बाहेर काढली. सवयीनं त्यांचा हात बांधावरच्या तारेकडे गेला, मध्येच थांबला, आणि मग तिच्यापुढे आला.

पुंगळी गरम होती, तिला वाटलं होतं त्याहून जास्त. वासही तोच, त्या दिवशी आभाच्या तोंडाला आलेला. तिनं ती डब्यात टाकली, झाकण दाबलं, परत एकदा दाबलं.

"एकच उरलं, बाबा."

"म्हायती हाय." शिवांनी ओढ्याकडे बघत बंदूक खांद्यावर टाकली. "डुकरांना सांगू नको."