परातीतलं गुलाबी पाणी

गुरुवार उजाडला की दर्यापूरच्या फाट्यावर जीपगाड्यांची झुंबड उडे. टपावर माणसं, मागच्या दांडीला माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "जलमहाराज किडनी धुऊन देते!" त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, गावोगाव किडनीचे रोगी. त्यात कापसानं दगा दिलेली ती वर्षं. असल्या मुलखात भोंदूचं पीक बिनपाण्याचं येतं.

महाराजांची करामत अशी. मांडवात पितळी परात, परातीत पाणी, त्याला नाव 'तीर्थ'. सेवक रोग्याच्या ओल्या तळहातांना अंगारा चोळणार. रोग्यानं हात परातीत बुडवले की पाणी गडद गुलाबी!

"पाहा, रगतातलं इख उतरून राहिलं!" महाराज गरजत. "दवाखान्याची मशीन नुसतं रगत चाळते. मी इख चाळतो, इख!"

तिसऱ्या गुरुवारी अंगाऱ्यावर वरून लिंबू चोळायचं आणि ताज्या तीर्थात हात घालायचे. पाणी नितळच्या नितळ. झाला रोगी बरा! मशीन बंद करा, नारळ ठेवा, चला घरी.

फलक मॅडम त्या गुरुवारी मांडवात शिरल्या त्या संतापानं धुमसतच. त्यांच्याच शाळेतल्या खुशालराव सरांच्या पत्नी, गोदाबाई, पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, दम लागलेला. आठवड्यातून दोनदा त्यांना अमरावतीला डायलिसिस लागे. सोमवारचं सरांनी चुकवलं होतं आणि आजचंही चुकवणार होते, कारण आज गोदाबाईंचा तिसरा गुरुवार होता.

कहर म्हणजे माईक खुशालराव सरांच्या हातात होता. "मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवून राहिलो," ते सांगत होते, "पण हे विज्ञानाच्या पलीकडचं हाय, भौ!" लोकांनी टाळ्या पिटल्या. विज्ञानाचा मास्तरच सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? फलक मॅडमना वाटलं, तो माईक हिसकून घ्यावा.

पण त्यांचा अर्धा राग स्वतःवरही होता. वर्षभर त्या दर शनिवारी शाळा सुटली की बस पकडून अमरावतीला जात. नोकरीवाल्या विज्ञान शिक्षकांसाठी तिथं पदव्युत्तर वर्ग चालत. "चाळिशीत कोणते दिवे लावून राहिल्या, मॅडम?" असं सगळ्यात मोठ्यानं विचारलं होतं ते खुशालरावांनीच. गेल्या शनिवारी तिथल्या प्रयोगशाळेत फलक मॅडमनी फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब पहिल्यांदा स्वतःच्या हातानं टाकले आणि बिनरंगी पाणी डोळ्यांदेखत गुलाबी झालं. शरमेनं त्यांची कानशिलं तापली. 'अल्कलीत गुलाबी, आम्लात रंगहीन' हे वाक्य त्या चौदा वर्षं पोरांना लिहून देत होत्या आणि तो गुलाबी रंग त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता! महाराजांच्या तीर्थातही हेच औषध असणार, असं सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी सरांना सांगूनही पाहिलं. "माह्यापुढं पुस्तक नका वाचू," सर म्हणाले.

आता सेवकानं नवी परात भरली. गोदाबाई उठायच्या आत फलक मॅडम पुढं झाल्या, पिशवीतली घरची राख ओल्या हातांना फासली आणि हात परातीत घातले.

पाणी गुलाबी!

"पाहा पाहा!" सेवक ओरडला. "मॅडमच्याबी किडनीत इख निंघालं!"

 मॅडमनी भरून ठेवलेली तीर्थाची दुसरी परात ओढली, राखेची मूठ वरूनच तीत टाकली. ना हात, ना रोगी. पाणी तसंच गुलाबी झालं.

"आता किडनी कोणाची खराब हाय, महाराज? परातीची?" त्यांनी दोन लिंबं कचाकच पिळली. रंग उडाला. "घ्या! झाली परात बरी! भांडे घासाची, कापसाच्या पऱ्हाटीची राख हाय हे, तिच्यात अल्कली असते. तुमचा अंगारा म्हणजेबी राखच. अन् तीर्थात औषध घातलं हाय, त्याचं नाव आमच्या पुस्तकात हाय."

मांडव पेटला. पण महाराजावर नाही, मॅडमवर. "बाईनं तीर्थ बाटवलं!" "तुमच्या मोहल्ल्यातल्या ताईतवाल्याचं काहून नाही सांगत?"

"त्याचंबी सांगते! माही सासू जाते त्याच्याकडे, रोज भांडून राहिली मी तिच्यासंग. तोबी चोर अन् हाबी चोर!"

महाराजांनी "अश्रद्धेनं जळ भ्रष्ट झालं" म्हणून परात उलथायची खूण केली. तेवढ्यात गोदाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडं वळल्या.

"अहो, हे तुमाले मालूम होतं?"

खुशालराव सरांची मान खाली. "पाठ होतं."

"म्हंजे?"

"पुस्तकात हाय. दरसाल लिहून देतो पोराईले. रंग कधी पाह्यला नाही. कॉलेजात चाळीस जणांत एक नळी होती. पुढच्यानं पाह्यलं, आमी त्याचे आकडे उतरवले."

"अरे बाप्पा!" गोदाबाईंना धाप लागली. "अन् इथं मी मरून राहिली होती! गाडी काढा. अमरावती."

जीप मांडवाशी आली. सतरंजीवर गोदाबाईंच्या शेजारीच बसलेल्या पुंजाजी नावाच्या डायलिसिसवाल्या म्हाताऱ्यालाही फलक मॅडमनी हात धरून उठवलं. त्यानं हात सोडवून घेतला. "माहं पाणी गेल्या गुरुवारीच नितळ झालं, माय," म्हणाला, आणि बसून राहिला.

गोदाबाईंना संध्याकाळी मशीनवर घेतलं. आणखी एक दिवस काढला असता तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टर खुशालरावांना तोंडावर म्हणाले.  पुंजाजी नवव्या दिवशी गेला.

लोकहो, पुंजाजीला राखेनं मारलं नाही की लिंबानं नाही. त्याचा उपचार बंद करायला लावणाऱ्यानं मारलं, आणि त्या नराधमाला साक्ष दिली शिकलेल्या माणसानं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच करा, रोग्याला बाजूला सारा आणि तोच चमत्कार पुन्हा करायला सांगा. मास्तरांनो, कुलूपबंद कपाटातल्या बाटल्या बाहेर काढा, आधी स्वतः करून पाहा, मग पोरांच्या हातात द्या. आणि डॉक्टरांनी सांगितलेली तारीख कोणाच्याही सांगण्यावरून चुकवू नका. पुंजाजीची तारीख त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी होती.