पांघरूण

"मॅडम, गाडी बांधाच्या पुढं जायची न्हाई," जीवन ड्रायव्हर म्हणाला. मग त्यालाही समोरचा धूर दिसला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

तेजश्री खाली उतरली. मळ्याच्या कोपऱ्यात, चिंचेच्या पलीकडं, चिता अर्धीअधिक जळून खाली बसली होती. उमापूरची माणसं सावली धरून बसली होती. देहदानासाठी आलेली मेडिकल कॉलेजची पांढरी गाडी बघून त्यांनी माना खाली घातल्या.

पहाटे अमरसिंहानंच फोन केला होता. "तेजू, नाना गेले." अंबाजोगाईहून ती म्हणाली होती, "मी कॉलेजची गाडी घेऊन निघते, दादा. तोवर काही करू नका." आणि तिचा हा थोरला भाऊ म्हणाला होता, "बरं. ये."

आता तो ओल्या धोतरात, उघड्या अंगानं तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे काय केलंस?"

"झालं ते झालं."

"थांब म्हणले होते ना मी? तू बरं म्हणलास ना?"

"म्हणलो."

"मग?"

"मला गावात ऱ्हायचंय, तेजू. पोरांनी मास्तरला चिरफाडीला दिलं, असं ऐकत बसू का जन्मभर?" तो हे सगळं चितेकडं बघून बोलत होता. "उन्हात नको उभी राहू. घरी चल."

"निवडणूक लढवायचीय म्हण की सरळ. मतं जातील म्हण."

अमरसिंह एरवी असल्या बोलण्यावर उसळला असता. आज त्यानं वाकून धोतराचा ओला काठ पिळला.

मागून जीवननं हळूच विचारलं, "मॅडम, मी काय करू मग?"

"जा तुम्ही."

गाडी मोकळीच वळली.

तिच्या नानांनी, सुंदरराव मास्तरांनी, उमापूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. घरची बागायत होती, भाऊबंद राजकारणात होते, पण त्यांचा जीव शाळेतल्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकात अडकलेला. जून सुरू झाला की ते घरून कांदे घेऊन जायचे. कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून काचेवर पसरायचा, त्यावर लाल रंगाचा थेंब टाकायचा आणि एकेकाला डोळा लावायला सांगायचं.

"सर, विटांची भिंत दिसायली!"

"त्या विटेला पेशी म्हणायचं. तू बी असल्याच विटांचा हायेस. तुझी म्हैस बी."

"म्हशीचं पटलं, सर. ह्याचं पटत न्हाई," मागून कुणीतरी म्हणायचं आणि वर्ग हसायचा. मास्तरही हसायचे.

प्रजननाचा धडा मात्र ते कुणाला हसू द्यायचे नाहीत. इतर शिक्षक तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून देत. मास्तर वर्गात मोठ्यानं वाचून घेत. तेजश्री दहावीला त्यांच्याच वर्गात होती. त्या वर्षी त्यांनी तिलाच उभं केलं. पोटची पोरगी लाजली तर बाकीच्या पोरी कशा वाचतील, असं त्यांचं म्हणणं. तिनं वाचलं. बाकं वाजली, कान तापले, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पुढं वर्षभर पाण्याच्या टाकीजवळ पोरं त्या धड्यातला एकेक शब्द तिच्या पाठीवर फेकत राहिली. एकदा ती घरी येऊन रडली तेव्हा नाना म्हणाले होते, "कावून रडतीस? हात म्हणायला लाज वाटती का? न्हाई ना? मग शरीराची लाज कसली?"

त्या वाक्याच्या जोरावर तिनं ते वर्ष काढलं. पुढं जीवशास्त्र घेतलं, अंबाजोगाईला ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली आणि दरवर्षी तोच धडा आला की तेच वाक्य मुलींना सांगू लागली.

निवृत्तीच्या समारंभात मास्तरांनी देहदान जाहीर केलं. "मेल्यावर बी मी वर्गातच असणार," असं ते म्हणाले तेव्हा शेजारच्या बायनाबाई मांडवातून ओरडल्या, "मास्तर, मेल्यावर तरी पोरांना सुट्टी द्या!" सगळा मांडव खदखदून हसला. अमरसिंह तेवढा रागानं उठून गेला. त्याच आठवड्यात मेडिकल कॉलेजात नाना आणि तेजश्री शेजारी शेजारी बसले आणि दोघांनी देहदानाच्या अर्जावर सह्या केल्या.

दोन दिवस तेजश्री भावाशी बोलली नाही. वहिनीनं, वनमालानं, ताट आणलं तर म्हणाली, "दादाला वाढ. त्यानं लई काम केलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला निघायचं होतं. छबुबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी लेकीला जवळ बसवलं.

"अमरवर डूख धरू नको. त्याचं काय बी चुकलं न्हाई."

"आई, तू त्याची बाजू घेऊ नको."

"बाजू कसली, बाई. तेच म्हणले, मला मळ्यात जाळा म्हणून."

"कोण?"

"तुझे नाना."



"शेवटी शेवटी अंग पुसायला अमर बसायचा," छबुबाई सांगू लागल्या. "तर ह्यांनी चादर दोन्ही हातांनी गच्च धरायची. पोटच्या पोराला बी हात लावू देईनात. मग मीच पुसायचे, दार लावून. एक दिवस दुपारी मला इचारलं, 'छबू, तिथं कॉलेजात अंगावर पांघरूण घालतेत का गं?' मी म्हणले, मला काय ठाव? तर म्हणले, 'न्हाई घालत. मी पाह्यलंय.' आन् रडले, बाई. एवढा मोठा माणूस. म्हणले, 'बारकाली पोरं हायेत तिथं. पोरी हायेत. त्या माझ्याकडं बघतेल. मला जमायचं न्हाई.'"

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगू नको म्हणले. शपथ घातली आमाला दोघांला. अमरला म्हणले, तू तुझ्यावर घे."

"पण का?"

"'तेजूनं माझ्याकडं पाह्यलं तर मी काय तोंड दाखवू,' म्हणले."

छबुबाईंनी पदरानं डोळे पुसले. तेजश्रीला रडू आलं नाही. नाना घाबरले, हे तिनं समजून घेतलं असतं. पण आईला माहीत होतं, भावाला माहीत होतं, आणि गेल्या महिन्यात ती उशाशी बसली असताना नानांनी तिला, "औंदा कांद्याचा पापुद्रा कसा दिसला पोरांला?" एवढंच विचारलं होतं. तिनं हात धरून सगळं सांगितलं होतं. ते ऐकत होते. मान डोलावत होते. त्या सह्या दोघांनी मिळून केल्या होत्या. आता ती एकटीच उरली होती.

ती उठली आणि सगळ्यांबरोबर मळ्यात गेली.

राखेवर पाणी आणि दूध शिंपडून झालं होतं. गाव गोळा झालेलं. माणसं वाकून अस्थी वेचत होती आणि मडक्यात टाकत होती. मडक्याच्या तोंडाला बांधायचं पांढरं फडकं बाजूला घडी करून ठेवलं होतं. मोहनराव हा नानांचा जुना विद्यार्थी, आता गावात खताचं दुकान चालवणारा. त्यानं एक तुकडा तळहातावर घेतला, उजेडाला धरला आणि भाबडेपणानं विचारलं, "ताई, हा मणकाच ना? सरांनी शिकवलं होतं. कुठला म्हणायचा हा?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. कुणी पुढं सरकलं, कुणी मान उंचावली.

तिनं तो ओळखला होता. मानेचा. नाना वर्गात स्वतःची मान पुढं झुकवून उभे राहायचे आणि सगळ्यांना आपापल्या मानेवर बोट ठेवायला सांगायचे.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

मोहनरावच्या हातातून तिनं तो तुकडा मुठीत घेतला. मग ती मडक्यापाशी बसली, फडक्याची घडी मोडली आणि ते मडक्यावर पसरलं.

"आजून लई वेचायच्या हायेत, ताई," कुणीतरी म्हणालं.

"दादा," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला हाक मारली होती. अमरसिंहानं दचकून पाहिलं. "लोकांना जरा मागं सरकायला सांग."

तो उठला. माणसं मागं सरली. एका हातानं फडकं दाबून धरत, दुसऱ्या हातानं ती राखेतली एकेक अस्थी उचलून त्याच्या खालून आत सोडत राहिली.