मला थोडं गळू द्या

मी एक मास्क बोलतोय. दवाखान्यात तोंडावर बांधतात तो नव्हे, पाण्याखाली जाणारी माणसं लावतात तो. पुढे जाड काच, भोवती मऊ रबराची झालर, मागे पट्टा. माझ्या आत डोळे आणि नाक असतं, तोंड मात्र बाहेर. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या नाकावरूनच झाला.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. दुकानातून मला एका मुलीनं घेतलं आणि घरी नेऊन आधी टूथपेस्टनं घासलं. नव्या काचेवर तेलकट थर असतो, तो घालवावा लागतो. पुढे पाण्यात उतरण्याआधी ती रोज माझ्यात थुंकायची. हा आमच्यात अपमान नाही. थुंकी चोळली की काचेवर वाफ धरत नाही.

मला एक खोड आहे. मला माणसांचे डोळे बघायला आवडतात. इतक्या जवळून ते कुणालाच दिसत नाहीत. त्या मुलीचे डोळे मी सहा वर्षं पाहिले. ती शिकली, मग दुसऱ्यांना शिकवू लागली, मग तिनं नवा मास्क घेतला आणि मी जुन्या चार्जरांच्या खणात जाऊन पडलो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

मला बाहेर काढलं ते तिच्या बाबांसाठी. बाबा प्लंबर. तीस वर्षं लोकांच्या घरातली गळती थांबवण्यात गेली. भरघोस मिशी, भलं मोठं नाक. मुलीला समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजावर नोकरी लागली होती, दोन वर्षांसाठी. निघायला पाच आठवडे होते.

"आठ वर्षं तू खाली जातेस," एकदा जेवताना ते म्हणाले. "तिथं आहे तरी काय एवढं?"

"सांगून नाही कळायचं, बाबा. चला माझ्याबरोबर."

"चल की!"

पण समुद्रात उतरण्याआधी पोहण्याच्या तलावात एक परीक्षा असते. तळाशी गुडघ्यांवर बसायचं, मास्कची कड सैल करून आत पाणी घ्यायचं, आणि तोंडातल्या नळीनं श्वास घेत नाकानं फुंकून ते पाणी बाहेर घालवायचं. हे जमलं नाही तर समुद्र नाही. नियम सगळ्यांना सारखा, शिकवणारीच्या बाबांनासुद्धा.

पहिल्या दिवशी पाणी नाकाला लागलं मात्र, बाबांनी नाकानंच श्वास ओढला. मग काय! ठसका लागून ते असे वर उसळले की काठावर बसलेले लोक उठून उभे राहिले.

"मास्क गळतोय तुझा," ते खोकत म्हणाले.

"बाबा, पाणी तुम्हीच आत घेतलंत."

"पण मिशीखालून जरा जास्तच आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा पट्टा इतका आवळला की चेहऱ्यावर माझा वळ दिवसभर राहिला. तिसऱ्या दिवशी व्हॅसलिन फासलं. आणि चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशी काढूनच.

"अहो, हे काय केलंत?" मुलीच्या आईच्या हातातला चमचा खाली पडला. लग्नापासून तिनं नवऱ्याचा वरचा ओठ पाहिलाच नव्हता.

"सील बसत नव्हतं."

त्या दिवशी मी आतून कोरडा ठणठणीत राहिलो. बाबांनी पाण्यातून डोकं वर काढलं आणि मोठ्या थाटात सांगितलं, "बघ! थेंब नाही!"

"छान," मुलगी म्हणाली. "आता आत पाणी घ्या."

त्यांचा चेहरा मी आतून पाहिला. मिशी फुकट गेली होती.

मग त्यांनी घरी बेसिन भरून सराव केला. बायकोला समजावूनही सांगितलं. काचेची वरची कड कपाळाला दाबायची, नाकातून सोडलेली हवा वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेनं ढकलते. "पाइपात हवा धरली की पाण्याला कशी रेटते, ते मला कुणी शिकवायचं?" बेसिनमध्ये सगळं जमायचं. तलावाच्या तळाशी गेलं की पुन्हा तेच. मला कारण दिसत होतं. पाणी आत आलं की ते डोळे गच्च मिटायचे. पण मी कुणाला सांगणार?

निघायला चार दिवस उरले. तलावात ते तीनदा वर उसळले आणि तिसऱ्यांदा काठाला धरून राहिले.

"राहू दे गं. तू जाऊन ये. मला फोटो दाखव." मग हळूच म्हणाले, "मास्कला काही झालेलं नाही. मला भीती वाटते."

"मलाही वाटायची," ती म्हणाली. "याच मास्कमध्ये."

खरं आहे ते. पहिला आठवडाभर ती माझ्यात रडत होती. घरी मात्र सांगायची, मज्जा आली. बाबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, जणू त्या वेळचं काही माझ्यात उरलं असेल. मग पुन्हा लावलं.

खाली गेल्यावर मुलीनं वेगळंच केलं. आपला मास्क काढून मांडीवर ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत बसली. बाबांनी माझ्यात पाणी घेतलं, सवयीनं डोळे मिटले, पण लगेच किलकिले करून पाहिलं. पोर तशीच बसलेली. क्लोरीनच्या पाण्यात, डोळे सताड उघडे ठेवून.

आणि बाबांच्या डोळ्यांतली भीती मी विरताना पाहिली. तिच्या जागी काळजी आली. त्यांनी माझी वरची कड दाबली, मान जराशी मागे केली आणि नाकानं लांब फुंकर सोडली. माझ्यातलं पाणी खालून निघून गेलं. लगेच ते हातवारे करू लागले, घाल, घाल तुझा मास्क!

वर येताच त्यांनी तिला झापलं. "किती वेळ बसलीस तशी! डोळे लाल झालेत बघ!"

"बाबा, तुम्हाला जमलं."

"हो, मग? तू घालतच नव्हतीस ना!" एवढं बोलल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि मग दोघंही पाण्यात उभे राहून हसत सुटले.

ती निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही समुद्रात उतरलो. तळाच्या वाळूत एक कोळंबी बिळातली वाळू ढकलत बाहेर आणत होती, आणि बोटाएवढा मासा दारात राखण करत होता. बाबा तिथंच थांबले. तुंबलेली जागा मोकळी करणारी कारागीर त्यांना भेटली होती. मुलीनं दोनदा खूण केली तरी हलेनात. मिशीचे खुंट पुन्हा आले होते, त्यामुळे तेवढ्या वेळात मी तीनदा गळलो. तिन्ही वेळा त्यांनी कड दाबून फुंकर मारली, कोळंबीवरची नजर न काढता.

मुलगी आता जहाजावर आहे. मी बाबांच्या अवजारांच्या भिंतीवर, पान्याशेजारच्या खिळ्याला लटकतो. रविवारी आम्ही समुद्रावर जातो. मिशी पुन्हा वाढली आहे, त्यामुळे मी चांगलाच गळतो. परवा फोनवर तिनं विचारलं, "बाबा, मिशी परत? मग मास्क गळत असेल."

"गळतो की."

"मग नवा घ्या ना. मिशीवाल्यांसाठीही मिळतात."

"नको. तू सांगितलेलं विसरायला होईल."

म्हणून तुम्हालाही माझी विनंती आहे. कधी या घरी आलात आणि मी हाती लागलो, तर मला दुरुस्त करू नका. या प्लंबरच्या घरात एवढी एकच गळती आहे, आणि ती त्यांनी मुद्दाम ठेवली आहे.